वडिलांचा शब्द, मुलाचा पुरावा : आगरकरांचं ‘विकारविलसित’ आणि सूड घेण्याआधीचा प्रश्न



मागच्या लेखात आपण कंट्रोल प्लॉट का ठेवायचा ते बघितलं. त्यावर पेटची तयारी करणाऱ्या एका वाचकाने विचारलं, “सर, गाईडने सांगितलं म्हणून एखादी गोष्ट खरी धरायची का? नाही धरली तर उद्धटपणा होतो आणि धरली तर संशोधन कसलं?” प्रश्न मला आवडला. उत्तर देताना करपा, बुरशी आणि पेट्री डिश यांतलं उदाहरण देता आलं असतं. पण आज थोडं वेगळं करू. आज मी तुम्हाला एका नाटकाबद्दल सांगणार आहे, आणि त्याच्या मराठी भाषांतराबद्दल. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, साहित्याचा नाही. तेव्हा साहित्यवाल्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

नाटक आहे शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’. मराठीत ते गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने आणलं. मूळ नाटकातला राजपुत्र मराठीत चंद्रसेन झाला आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो रंगभूमीवर गाजवला. गोष्ट थोडक्यात अशी. राजपुत्राचे वडील वारलेत. चुलता गादीवर बसलाय आणि त्याने आईशी लग्नही केलंय. एका रात्री वडिलांचं भूत येतं आणि मुलाला सांगतं, मी साप चावून मेलो नाही, तुझ्या चुलत्याने माझ्या कानात विष ओतून मला मारलं, तू याचा सूड घे. आता मुलाने काय करायचं?

बहुतेक लोक म्हणतात की हॅम्लेट हा निर्णय न घेणारा, घोळ घालणारा माणूस. मीही अकरावीत असंच ऐकलं होतं. पण पीएच.डी.ला आल्यावर नाटक पुन्हा वाचलं तेव्हा मला दुसरंच काही दिसलं. त्याच्यासमोर एक दावा आहे. दावा करणारा माणूस त्याला जगात सगळ्यात प्रिय आहे. पुरावा शून्य. आणि दावा खरा धरला तर एका माणसाचा जीव घ्यायचा आहे.

भूत मुळात कुठून आलं?

संशोधनाची पहिली सवय म्हणजे मूळ स्रोत बघणे. हॅम्लेटची गोष्ट शेक्सपिअरने रचलेली नाही. साधारण १२०० च्या सुमारास सॅक्सो ग्रामॅटिकस नावाच्या लेखकाने डेन्मार्कचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला, त्यात अ‍ॅम्लेथ नावाच्या राजपुत्राची कथा आहे. पुढे बेलफोरे या फ्रेंच लेखकाने १५७० मध्ये ती फ्रेंचमध्ये आणली. शेक्सपिअरचं नाटक साधारण १६०० ते १६०१ चं.

आता सॅक्सोची कथा आणि शेक्सपिअरचं नाटक शेजारी ठेवा. सॅक्सोच्या कथेत भूत नाही! तिथे चुलत्याने भावाला मारलं हे सगळ्यांना माहीत आहे. लपवाछपवी नाही, त्यामुळे कुणी सांगायला यायची गरजही नाही. मुलगा जीव वाचवण्यासाठी वेड्याचं सोंग घेतो, संधी मिळाल्यावर दरबाऱ्यांना दारू पाजून दालन पेटवून देतो, चुलत्याला मारतो आणि राजा होतो. त्याच्यापुढे प्रश्न एकच, सूड कसा घ्यायचा.

पुढे इंग्लंडमध्ये या कथेवर एक नाटक झालं, ते आज हरवलेलं आहे. त्यात सूड घे म्हणून ओरडणारं भूत होतं, याचा उल्लेख थॉमस लॉजने १५९६ मध्ये केलेला आहे. म्हणजे भूत मधल्या काळात आलं आणि शेक्सपिअरने ते ठेवलं. ठेवताना त्याने आणखी एक गोष्ट बदललेली दिसते. खून गुप्त आहे. तो फक्त मारणाऱ्याला आणि मेलेल्याला माहीत. त्यामुळे सगळा भार एका साक्षीवर आला, आणि तीही मेलेल्या बापाच्या. प्रश्न ‘कसा’ वरून ‘घ्यायचा का आणि कशाच्या आधारावर’ इथे आला. एक घटक बदलला की सगळ्या प्रयोगाचा अर्थ बदलतो, त्याचं हे चांगलं उदाहरण.

इथे एक सावधगिरी. शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट १५९६ मध्ये अकरा वर्षांचा असताना वारला आणि त्याचे वडील १६०१ मध्ये वारले. नाटक बाप-मुलाचं, नावही जवळपास तेच. लगेच वाटतं, म्हणूनच लिहिलं असणार! पण दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. हे आपण पाऊस आणि करप्याच्या बाबतीत शिकतो, इतिहासातही तेच लागू.

तुरुंग, खोटी पत्रं आणि नगर

आता महाराष्ट्रात येऊ. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, जन्म १४ जुलै १८५६. ४ जानेवारी १८८१ ला ‘केसरी’ सुरू झाला, संपादक आगरकर. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी होते. राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्स इथे वारले, त्यानंतर दत्तक आलेले हे तरुण छत्रपती. त्यांना वेड लागलंय असं सरकार म्हणत होतं. लोकांना वाटत होतं की त्यांचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने हा विषय लावून धरला. त्याला आधार म्हणून काही पत्रं पुढे आली, ती बर्व्यांविरुद्ध होती.

बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा झालीच. १७ जुलै १८८२ ला टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले आणि २६ ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. आणि याच तुरुंगात त्यांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचं काम केलं.

जरा थांबून हे डोळ्यांपुढे आणा. सव्वीस वर्षांचा एम.ए. झालेला तरुण. एका राजपुत्रावर अन्याय होतोय या कळकळीने त्याने लिहिलं. हेतू चांगला होता, पण कागद खोटे निघाले. आणि तुरुंगाच्या खोलीत तो अशा राजपुत्राची वाक्यं मराठीत आणतोय जो म्हणतो की भूत कदाचित सैतानही असेल, मला यापेक्षा पक्का आधार हवा.

यावरून ‘आगरकरांनी खटल्यामुळेच हॅम्लेट निवडलं’ असं लिहायचा मोह होतो. मी हे टिपण पहिल्यांदा केलं तेव्हा तसंच लिहिलं होतं, नंतर खोडलं. शेक्सपिअरची भाषांतरं त्या पिढीत होतच होती. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं ‘ऑथेल्लो’ १८६७ मध्येच आलं होतं. दोन प्रसंग शेजारी ठेवले की ते एकमेकांवर उजेड टाकतात, एवढंच म्हणायचं.

आपल्या भागाशी असलेला संबंधही सांगतो. चौथ्या शिवाजी महाराजांना पुढे अहमदनगरला ठेवलं होतं. तिथेच २५ डिसेंबर १८८३ ला, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. वय फक्त वीस. वेडा ठरवलेला राजपुत्र, राजवाड्यातलं राजकारण आणि शेवट असा. ‘विकारविलसित’ छापलं गेलं तेच हे वर्ष. मी राहुरीहून नगरला कामाला जातो तेव्हा बसमध्ये हे कधी कधी मनात येतं. पस्तीस-चाळीस किलोमीटरवर ही गोष्ट घडली आणि आमच्या बॅचमधल्या कुणालाच ती माहीत नव्हती. मलाही नव्हती.

दुसरा संबंध आमच्या विद्यापीठाच्या नावातच आहे. या खटल्यात टिळक-आगरकरांना जामीन हवा होता, तेव्हा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन भरला. फुले आणि केसरीकार यांचे मतभेद सगळ्यांना माहीत आहेत. केसरीच्या मागे उभे असलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी तर फुल्यांवर जहरी टीका केली होती. हिशोब चुकता करायची वेळ म्हणाल तर हीच होती. फुल्यांनी तो हिशोब काढला नाही.

प्रयोग

आता नाटकातला माझा आवडता भाग. मराठीत ‘प्रयोग’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, नाटकाचाही प्रयोग आणि प्रयोगशाळेतलाही. हॅम्लेट दोन्ही एकदम करतो.

भूत बघणारा तो एकटा नाही, ही पहिली चांगली गोष्ट. आधी दोन पहारेकऱ्यांनी बघितलं, मग त्याचा मित्र होरेशिओने. होरेशिओ तर विश्वासच ठेवत नव्हता. म्हणजे भूत दिसलं याला स्वतंत्र साक्षी आहेत. पण भूत जे बोललं ते एकट्या हॅम्लेटने ऐकलं. निरीक्षण पक्कं आणि दावा कच्चा. हा फरक संशोधनात फार महत्त्वाचा आहे. पान पिवळं पडलंय हे सगळ्यांना दिसतं, पण ते कशामुळे हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

मग राजवाड्यात नाटकमंडळी येते. हॅम्लेट त्यांना एक खुनाचं नाटक करायला सांगतो, त्यात आपल्या काही ओळी घालतो आणि होरेशिओला म्हणतो, तू चुलत्याच्या चेहऱ्याकडे बघ, मीही बघतो, नंतर ताडून पाहू. दोन निरीक्षक, आधीच ठरवलेली कसोटी आणि नंतर तुलना! तुमच्यापैकी कितीजण सिनॉप्सिसमध्ये एवढं स्पष्ट लिहितात?

चुलता नाटक अर्धवट टाकून उठतो. हॅम्लेट खूश, भूत खरं बोललं म्हणतो. पण परीक्षक म्हणून बघा, या प्रयोगात तीन दोष आहेत.

एक. नाटकाआधी तीच गोष्ट मूकाभिनयात दाखवली जाते. त्यात कानात विष ओतणं स्पष्ट आहे. तेव्हा राजा काहीच करत नाही. म्हणजे पहिल्या वेळी निकाल शून्य, दुसऱ्या वेळी होकारार्थी. आपण फक्त दुसरा मोजायचा का?

दोन. नाटकात राजाला मारणारा त्याचा भाऊ नाही, पुतण्या आहे. आणि राजासमोर बसलेला हॅम्लेट कोण? पुतण्याच! मग राजा उठला तो गुन्हा आठवून की पुतण्याची धमकी ऐकून? दोन कारणं एकात मिसळली, ती वेगळी करता येत नाहीत.

तीन. प्रयोग चालू असताना हॅम्लेट गप्प बसत नाही. मध्ये मध्ये बोलतो, टोमणे मारतो, पुढे काय होणार तेही सांगून टाकतो. प्रयोग करणाऱ्यानेच प्रयोगात हात घातला.

गंमत म्हणजे निष्कर्ष बरोबर आहे. पुढच्याच प्रसंगात राजा एकटा प्रार्थनेला बसतो आणि गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. पण ते फक्त प्रेक्षक ऐकतात. हॅम्लेट मागून येतो तेव्हा त्याला पाठ दिसते आणि तलवार हातात असते. पुरावा मिळाला असं त्याला वाटतंय आणि सूडाची वेळही समोर आहे. तरी तो मारत नाही, आणि त्यामागे दया नाही. तो म्हणतो, प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल, माझे वडील तर प्रायश्चित्ताविना गेले. त्याला आता चुलत्याचा जीव पुरत नाही, त्याचं परलोकातलं वाटोळंही हवंय. इथे तो पुरावा शोधणारा राहिला नाही. आणि लगेच पुढच्या प्रसंगात, पडद्याआड कोण आहे हे न बघताच तो तलवार खुपसतो. मरतो दुसराच, त्याच्या प्रेयसीचे वडील.

म्हणजे ज्या माणसाने एवढी काळजी घेतली, तोच आपला निष्कर्ष पक्का झाला असं वाटल्यावर सगळ्यात मोठी चूक करतो. खात्री झाल्यावरच जास्त जपायला हवं, हे मला थिसिसच्या तिसऱ्या वर्षी कळलं.

तीन मुलगे

या नाटकात वडील मारले गेलेले मुलगे तीन आहेत.

हॅम्लेटबद्दल बोललो. दुसरा लेअर्टीस, पडद्याआड मेलेल्या त्या माणसाचा मुलगा. तो काही तपासत नाही. गर्दी घेऊन राजवाड्यात घुसतो आणि देवळातसुद्धा गळा कापेन म्हणतो. राजाला असाच माणूस हवा असतो. राजा त्याचा राग वापरतो, लेअर्टीस आपल्या तलवारीला विष लावतो, आणि त्याच विषाने शेवटी तोही मरतो. न तपासता पेटलेला माणूस दुसऱ्याचं हत्यार होतो.

तिसरा फोर्टिनब्रास, नॉर्वेचा. त्याच्या वडिलांना हॅम्लेटच्या वडिलांनी द्वंद्वयुद्धात मारून जमीन घेतली होती. तो सैन्य जमवतो, पण त्याचा चुलता त्याला थांबवतो आणि तो थांबतो. त्याला घरात ‘नको’ म्हणणारा वडीलधारा मिळाला. पण तेच सैन्य घेऊन तो पोलंडमधल्या एका छोट्या तुकड्यावर चालून जातो, ज्याचा खंड पाच नाणीसुद्धा येणार नाही. वीस हजार माणसं त्या तुकड्यासाठी मरायला निघालीत, आणि ते बघून हॅम्लेटला स्वतःचीच लाज वाटते! खरं तर लाज कुणाची वाटायला हवी होती, हे प्रत्येकाने ठरवावं. शेवटी हॅम्लेट आणि लेअर्टीस मरताना एकमेकांना माफ करतात. गादी फोर्टिनब्रासला मिळते.

आपल्याकडच्या वाचकाला ही साखळी ओळखीची आहे. द्रोणाने द्रुपदाचा अपमान केला, म्हणून द्रुपदाने यज्ञ करून धृष्टद्युम्न मिळवला. वडिलांच्या सूडासाठीच जन्मलेला मुलगा, त्याला निवड कुठे होती? त्याने द्रोणाला मारलं. ते कसं शक्य झालं? अश्वत्थामा मेला अशी बातमी द्रोणापर्यंत गेली. द्रोणाने ती तपासलीसुद्धा, सगळ्यात विश्वासू माणसाला, युधिष्ठिराला विचारलं. पण स्रोत एकच आणि उत्तर अर्धवट. त्या उत्तराची मराठीत म्हणच झाली आहे. मग अश्वत्थाम्याने रात्री छावणीत शिरून झोपलेल्या धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या मुलांना मारलं. ‘सूड घे’ असं त्याला वडिलांनी सांगितलेलं नव्हतं. मेलेल्याने काही सांगावंच लागतं असं नाही. जिवंत माणूस ते स्वतःच ऐकून घेतो.

पण महाभारतात याच्या उलट एक वडील आहेत, त्यांची आठवण कमी लोक काढतात. शमीक ऋषी. परीक्षित राजा शिकारीत दमून त्यांच्याकडे आला. ते मौनात होते, बोलले नाहीत. राजाने रागाने मेलेला साप त्यांच्या गळ्यात अडकवला. मुलगा शृंगी याला हे मित्राकडून कळलं आणि त्याने तिथल्या तिथे शाप दिला, सात दिवसांत तक्षक राजाला चावेल. वडिलांना कळल्यावर ते मुलावर नाराज झाले. राजाला माझ्या मौनाचं काय माहीत, तो दमलेला होता, त्याच्यामुळे आपण सुरक्षित राहतो, हा शाप देऊन तू चुकलास, असं त्यांचं म्हणणं. शाप परत घेता येत नव्हता, म्हणून त्यांनी शिष्याला पाठवून राजाला सावध केलं. परीक्षित गेला, त्याचा मुलगा जनमेजय याने वडिलांसाठी सगळी सर्पजातच जाळायला काढली आणि आस्तिकाने मध्ये पडून ते सत्र थांबवलं.

हॅम्लेटचे वडील म्हणतात घे, शमीक म्हणतात नको होतं घ्यायला. शमीकांकडे एक गोष्ट होती जी भुताकडे नव्हती. ते समोरच्याच्या बाजूनेही बघू शकत होते.

शीर्षकाकडे बघा

आगरकरांनी शीर्षकात सूड आणला नाही, राजपुत्रही आणला नाही. विकारविलसित म्हणजे मनातल्या विकारांचा खेळ. शीर्षक म्हणजे वाचकाला दिलेली पहिली सूचना असते. तुमच्या थिसिसचंही तसंच. मला या नावातून असं दिसतं की त्यांना ‘कुणी कुणाला मारलं’ यापेक्षा ‘मनात काय चाललं होतं’ हे दाखवायचं होतं. हा माझा अर्थ आहे, पुरावा नाही. तुम्ही दुसरा लावू शकता.

आणखी एक. आगरकर बुद्धिवादी, परंपरेने सांगितलंय म्हणून काही मानायचं नाही, हा त्यांचा बाणा. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, तो याच बाण्याने. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. अशा माणसाने भुताच्या शब्दावर चालणारं नाटक भाषांतरासाठी घ्यावं, हे आधी विचित्र वाटतं. पण नाटकातला मुलगा भुताचं ऐकतो आणि लगेच मान्य करत नाही. वडिलांवर प्रेम आहे, तरी तपासतो. आगरकरांच्या पिढीपुढे हाच प्रश्न होता. वाडवडिलांचा शब्द आणि आपली बुद्धी, यांत काय करायचं?

आमच्या घरचा कावळा

हे सगळं मी का वाचत बसलो, ते सांगून थांबतो.

माझे आजोबा वारले तेव्हा मी बारावीत होतो. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास झाला. तुम्हाला माहीत आहे, अशा वेळी घरचे एकेक पुढे होऊन मोठ्याने सांगतात, मुलीचं लग्न करू, कर्ज फेडू, आईला सांभाळू. काहीच चालेना. मग कुणीतरी म्हणालं, बांधाचं बोला. भावकीतल्या एकाने आमचा बांध कोरलाय, हे आजोबा वीस वर्षं सांगत होते. अण्णा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “बांधाचं मी बघतो.” थोड्या वेळाने कावळा आला. (दहाव्याला खूप वेळ थांबलं की कावळा येतोच, हे माझ्यातला विज्ञानवाला तेव्हाही म्हणत होता. पण अंगावर काटा आला होता हेही खरं.)

मला वाटलं आता कोर्ट, तारखा, कदाचित मारामारी. मी मनातून तयारही होतो. कॉलेजला जाताना त्या घरासमोरून मान वळवून जायचो.

अण्णांनी वर्षभर काहीच केलं नाही. मग त्यांनी सरकारी मोजणी लावली. भूमी अभिलेखचा माणूस आला, मोजणी झाली आणि क प्रत हातात आली. त्यात दिसलं की वरच्या अंगाला बांध दीड-दोन फूट आमच्यात आलाय. आणि खालच्या अंगाला, विहिरीच्या बाजूला, आमचा बांध तेवढाच त्यांच्यात गेलाय. आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांनी एकच टोक बघितलं होतं.

अण्णांनी त्या कागदाची झेरॉक्स काढून समोरच्या घरी नेऊन दिली. दगड दोन्हीकडून सरकले नाहीत, बांध आहे तसाच आहे. पण गेल्या पोळ्याला त्यांचे बैल आमच्या दारावरून गेले तेव्हा आईने ओवाळलं.

दोन वर्षांपूर्वी चुलतभाऊ पुन्हा काहीतरी बोलला म्हणून मी गरम होऊन घरी गेलो होतो. तलाठ्याकडे जाऊ, वकील बघू, माझं चालू होतं. अण्णांनी कपाटातून ती क प्रत काढली आणि म्हणाले, “आधी कागद वाच. मग बोल.” मी वाचला. मग बोलायला फार काही उरलं नाही.

अण्णा सातवी शिकलेत. त्यांनी वडिलांना दिलेला शब्द मोडला का पाळला? ‘बघतो’ म्हणाले होते, आणि त्यांनी खरंच बघितलं. दोन्ही टोकांनी.

तर ज्या वाचकाने प्रश्न विचारला त्याला उत्तर. गाईडने सांगितलेलं ऐकायचं, आदराने ऐकायचं, वहीत लिहून घ्यायचं आणि मग मोजणी लावायची. यात उद्धटपणा नाही. चांगल्या गाईडला हेच हवं असतं. निकाल त्यांच्या बाजूने आला तरी दुसरं टोक बघायला विसरू नका.

या वेळचा स्वाध्याय : हॅम्लेटच्या प्रयोगातले तीन दोष वर दिले आहेत. तुम्ही त्याचे गाईड असता तर प्रयोग कसा मांडायला सांगितला असता? कंट्रोल काय ठेवला असता? दहा ओळींत लिहून बघा. चांगली उत्तरं पुढच्या लेखात घेऊ. पुढचा विषय आहे नकारात्मक निकाल आणि ते लपवायचा मोह.